लहान पंजा, मोठं बोअर: आधी हात मोजा

"हात लहान आहे, तेव्हा छोटंसं पिस्तूल दाखवा." शस्त्रांच्या दुकानात हे नेहमी ऐकू येतं आणि चुकीची खरेदी बहुधा तिथूनच सुरू होते. बोअर (नळीच्या आतला व्यास) मोठं आणि हत्यार छोटं म्हणजे हत्यार हलकं, आणि हलक्या हत्याराचा सगळा धक्का हाताला सोसावा लागतो. लहान पंज्याला ट्रिगर जवळ असलेलं हत्यार हवं. ते वजनाला भारी आणि नळीला लांब असलं तरी बिघडत नाही.

हिशोब करून बघा. .४५ एसीपी काडतुसाची २३० ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. तिचा वेग सेकंदाला साधारण २५० मीटर. पोलादी, पूर्ण आकाराचं १९११ जातीचं (अमेरिकी सैन्याच्या जुन्या .४५ पिस्तुलाच्या घडणीचं) पिस्तूल सुमारे १.१ किलो भरतं, तेव्हा ते साधारण ३.४ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येतं. आता ४५० ग्रॅमचं हलक्या मिश्रधातूचं, आखूड नळीचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्या. त्यातून १० ग्रॅमची गोळी ३३० मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि रिव्हॉल्व्हर साधारण ७.३ मीटर प्रतिसेकंद वेगाने तळहातात घुसतं. दारूच्या वायूंचा धक्का यात धरलेलाच नाही. धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट झाली, तीही गोळी .४५ पेक्षा हलकी असताना. म्हणून 'बायकांसाठी नाजूक मॅग्नम' म्हणून जे विकलं जातं ते सरावलेल्या पुरुषालाही दहा गोळ्यांनंतर नको होतं. आपल्याकडच्या .३२ स्मिथ अँड वेसन लाँगची ९८ ग्रेनची गोळी ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून सोडली तर मागे येण्याचा वेग दोन मीटर प्रतिसेकंदाच्या आत राहतो.

हाताचं माप

मापं दोनच महत्त्वाची. पहिलं म्हणजे ट्रिगरचं अंतर: हत्याराच्या मुठीच्या पाठीपासून ट्रिगरच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंत. दुसरं मुठीचा घेर. पंजा किती वितीचा आहे, हातमोजा कोणत्या नंबरचा लागतो, यावरून काहीच कळत नाही. कारण रुंद तळहात आणि आखूड बोटं असलेली माणसं पुष्कळ असतात, आणि त्यांची अडचण घेराची नसून अंतराची असते.

हाताचं माप असं घ्या. मनगट सरळ ठेवून, हातात मूठ आहे असं समजून पंजा वळवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या सगळ्यात खोल जागी न ताणणारा दोरा धरा. तो तर्जनीच्या बाजूने नेत पहिल्या पेराच्या गादीच्या मध्यापर्यंत आणा. दोऱ्यावर तिथे पेनाने खूण करा. मग दोरा तसाच धरून, नखाकडून पहिल्या सांध्याच्या रेषेवर दुसरी खूण करा. ही दुसरी खूण साधारण सेंटीमीटरभर आधी येईल. दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.

हत्याराचं माप व्हर्नियर कॅलिपरने घ्यायचं. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाच्या खणात तो असतोच. एक जबडा मुठीच्या पाठीवर, बेचकं जिथे बसतं त्या उंचीला. दुसरा ट्रिगरच्या वाकाच्या मध्यावर. लांब ट्रिगर बसवलेल्या १९११ ला हे माप सुमारे ७० मिमी येतं.

सिंगल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा (मागचा हातोडा) आधीच चढलेला असताना, ट्रिगर हलका असतो आणि पेराची गादी पुरते. तिथे पहिलं माप हत्याराच्या मापाएवढं किंवा थोडं जास्त असावं. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगर ओढतानाच घोडा मागे जातो. त्याला रिव्हॉल्व्हरवर साडेचार-पाच किलोपर्यंत जोर लागतो, आणि तो बोटाच्या टोकाने निघत नाही, ट्रिगर सांध्याच्या रेषेवर यावा लागतो. त्यातून डबल ॲक्शन पिस्तुलात घोडा खाली असताना ट्रिगर आणखी पुढे उभा असतो. म्हणजे अंतर जास्त आणि बोट कमी, असा दुहेरी तोटा. दुकानात घोडा चढवून मूठ हातात दिली की सगळं छान बसल्यासारखं वाटतं. तेव्हा घोडा खाली करून, पहिल्या गोळीच्या स्थितीतच माप घ्या.

बसत नाही तेव्हा काय होतं

ट्रिगर दूर असला की माणूस नकळत पंजा मुठीभोवती फिरवतो. उजव्या हाताच्या माणसाचं बेचकं मुठीच्या मागून उजव्या बाजूला सरकतं, आणि मुठीची पाठ अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर येते. बोट ट्रिगरला पोचतं खरं, पण नळी आता हाताच्या रेषेत राहत नाही. .२२ मध्ये हे खपून जातं. .४५ किंवा .४४ मध्ये प्रत्येक धक्का त्या एका सांध्यावर बसतो, अंगठा सुजतो, आणि माणूस गोळी सुटायच्या आधीच दचकायला शिकतो. एकदा लागलेलं दचकणं घालवायला महिने जातात.

१९११ मध्ये आणखी एक गोष्ट घडते. त्याच्या मुठीच्या पाठीवर दाबाची सेफ्टी असते, ती तळहाताने पूर्ण दाबली गेली तरच ट्रिगर चालतो. पंजा फिरला की तळहाताचा खोलगट भाग तिच्यावर येतो, ती अर्धवटच दाबली जाते आणि ट्रिगर ओढूनही काही होत नाही. लोक पिस्तुलात दोष काढतात. या सेफ्टीच्या खालच्या टोकाला उंचवटा असलेला प्रकार मिळतो, लहान पंज्याने तोच घ्यावा.

पंजा न फिरवता बोटाचं नुसतं टोक ट्रिगरवर ठेवलं तर टोक ट्रिगरला सरळ मागे न ओढता बाजूला ढकलतं. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे जातात. साइट (नेम धरायची खूण) सरकवून हे सुधारत नाही. मूठ फार जाड असली तर उलट बोटाचा मधला भाग फ्रेमला घासतो आणि ट्रिगरबरोबर पिस्तूलही थोडं वळतं. तपासायची खूण सोपी: बोट ट्रिगरवर असताना बोट आणि फ्रेम यांच्यातून पोस्टकार्ड सरकलं पाहिजे.

अर्धवट पकडीचा तिसरा परिणाम फक्त ऑटोमॅटिक लोडिंगच्या पिस्तुलात दिसतो. स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे जाऊन रिकामं काडतूस फेकते, ते फ्रेम जागेवर घट्ट धरलेली असते म्हणून. मनगट आणि फ्रेम दोन्ही मागे गेली तर स्लाइडचा प्रवास अपुरा पडतो आणि रिकामं काडतूस खिडकीत उभं अडकतं. रिव्हॉल्व्हरला ही अडचण नाही, हा त्याचा मोठा गुण.

मोठ्या बोअरमधलं काय बसतं

ऐकायला विचित्र वाटेल, पण लहान पंज्याला मोठ्या बोअरमध्ये सगळ्यात चांगलं बसणाऱ्यांपैकी एक म्हणजे शंभर वर्षांहून जुनं, जाडजूड दिसणारं १९११. त्याच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकाखाली एक, एकाच रांगेत बसतात, सात. त्यामुळे मूठ पातळ. लहान हातांची तक्रार तर या पिस्तुलाइतकीच जुनी आहे: १९२० च्या दशकात अमेरिकी सैन्याने त्याची १९११-ए१ ही आवृत्ती काढली, तेव्हा ट्रिगर आखूड केला आणि ट्रिगरच्या मागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी बोटासाठी खाच दिली. आजही आखूड ट्रिगर आणि मुठीच्या पाठीचा सपाट तुकडा अशी जोडी घेतली की अंतर आणि घेर दोन्ही कमी होतात. मुठीच्या बाजूच्या पट्ट्या पातळ मिळतात, पण त्यांना स्क्रू आणि त्याखालचे बुश वेगळे, आखूड लागतात. जुनेच वापरले तर पट्टी घट्ट बसत नाही किंवा स्क्रू आत मॅगझिनला अडतो. पातळ पट्ट्यांनी घेर कमी होतो, ट्रिगरचं अंतर जवळपास तेवढंच राहतं. या दोन गोष्टींची गल्लत करून पैसे घालवू नका.

याच .४५ मधलं दुहेरी रांगेचं ग्लॉक २१ तेरा गोळ्यांचं, म्हणून मूठ रुंद आणि खोल. कंपनीने पुढे एसएफ म्हणून कमी खोलीची फ्रेम आणली, आणि ग्लॉक ३६ एकेरी रांगेत सहा गोळ्यांवर आणलं. मुठीच्या पाठीचे बदलते तुकडे वॉल्थर पी९९ पासून रुळले. हेकलर अँड कॉख ४५ आणि स्मिथ अँड वेसन एम अँड पी ४५ यांतही ते आहेत. सगळ्यात लहान तुकडा लावून मापा. त्यानेही अंतर पुरेसं कमी होत नसेल तर ते पिस्तूल तुमचं नाही, सवयीने जमेल ही आशा सोडा.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी. स्मिथ अँड वेसनच्या फ्रेम जे, के, एल, एन या क्रमाने वाढत जातात. .४४ मॅग्नम बहुतेक एन फ्रेमवर येतं, आणि लहान पंज्याला तिथे डबल ॲक्शन जमणं कठीणच. घोडा चढवून नेमबाजी करायची असेल तर चालेल. .३५७ साठी के फ्रेम हा मध्यममार्ग: पोलादी, चार इंची नळीचं, किलोच्या आसपास. त्यात .३८ स्पेशल काडतूसही चालतं, .४४ मॅग्नममध्ये तसंच .४४ स्पेशल, आणि धक्का एकदम उतरतो. मात्र आखूड काडतुसांनी खूप सराव केल्यावर चेंबरमध्ये काजळीचं कडं जमतं, आणि नंतर लांब मॅग्नम काडतूस आत जाताना अडतं. ब्रश मारल्याशिवाय ते ठोकून बसवू नये.

रिव्हॉल्व्हरची मूठ बदलता येते, म्हणून लहान पंज्याला ते जास्त सोयीचं. पण दुकानदार 'धक्का कमी लागेल' म्हणून जी जाड रबरी मूठ सुचवतो ती बहुतेक वेळा फ्रेमच्या पाठीवरूनही रबर चढवते आणि ट्रिगर आणखी लांब जातो. पाठ उघडी ठेवणारी मूठ घ्या. बोटांच्या खाचा असलेली मूठ टाळा. त्या खाचा मध्यम बोटांच्या जाडीच्या हिशोबाने काढलेल्या असतात, लहान पंज्याची बोटं खाचांऐवजी मधल्या कंगोऱ्यांवर बसतात. लाकडी मूठ असेल तर ते कंगोरे सँडपेपरने उतरवता येतात.

बटणं आणि खटके यांच्याबद्दल फार लिहायला नको. मॅगझिन सोडायचं बटण पकड न बदलता अंगठ्याला लागत नसेल तर लांब बटण बसवता येतं. नाहीतर डाव्या अंगठ्याने दाबायची सवय करा, जगबुडी होत नाही.

स्लाइड ओढण्याची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. पूर्ण आकाराच्या .४५ ची स्प्रिंग साधारण १६ पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोची. चिमटीत धरून ओढायला गेलात तर जमणार नाहीच. डावा तळहात स्लाइडवर वरून घट्ट ठेवा, पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, आणि उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकला. बाहेर घोडा असलेल्या पिस्तुलात आधी घोडा चढवला की जोर आणखी कमी लागतो. उलट .३२ ची साधी पिस्तुलं स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवरच चालतात, नळीचं कुलूप नसतं, म्हणून त्यांची स्प्रिंग बोअरच्या मानाने ताठ असते. छोटं पिस्तूल ओढायला सोपं, हा समज इथे फसतो.

नाशिकमध्ये हातात काय येतं

आता वास्तव. ९ मिमी आणि .३८ ही फौज-पोलिसांची बोअर 'प्रतिबंधित' गटात मोडतात, त्यांचा परवाना केंद्रीय गृह खातंच देतं. सामान्य नागरिकाला हातबंदूक आयात करण्याची वाट १९८० च्या दशकापासून बंद आहे. नामवंत नेमबाजांना ठरावीक सवलत मिळते. त्यामुळे मोठ्या बोअरचं जे बाजारात फिरतं ते बहुतेक आयातबंदीच्या आधीचं, हातोहात बदललेलं आणि किमतीला आभाळाला टेकलेलं. असं काही समोर आलं तर ते बोअर तुमच्या परवान्यावर चढेल का, हे परवाना शाखेत लेखी विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

परवान्यासाठी नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर अशा ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली.

म्हणजे बहुतेकांसाठी निवड .३२ मध्येच. तिथेही वरचीच मापं लावायची. २०१४ मध्ये कानपूरला निघालेलं निर्भीक रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचं. २०२३ मध्ये आलेलं प्रबळ ७०० ग्रॅमचं, ७६ मिमी नळीचं आणि सिलिंडर बाजूला उघडणारं. पर्समध्ये निर्भीक बरं, पण सराव करायचा असेल तर जास्तीचे दोनशे ग्रॅम हाताच्या कामी येतात. शिवाय बाजूला उघडणारा सिलिंडर लहान हातांना भरायला सोपा. मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा खटका आखूड अंगठ्याला ताठ जातो, तो दुकानातच पाच-सहा वेळा उघडून बघा.

'बत्तीस' म्हणून काडतूस मागू नका. रिव्हॉल्व्हरला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागतं, अशनीसारख्या पिस्तुलाला .३२ एसीपी म्हणजे ७.६५ मिमी. दोन्ही खडकीच्या कारखान्याची, दोन्हींच्या बुडावर केएफ, आणि गडबडीत दिसायलाही सारखी. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये शिरतंही, पण ते त्यासाठी बनवलेलं नाही आणि त्याचा दाब जास्त असतो. जुन्या, मोडून उघडणाऱ्या फ्रेमला तो सोसेल असं धरून चालू नये.

खेळासाठी घेणाऱ्यांचं गणित निराळं. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमी बोअर चालतं, ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा, पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिमीपर्यंत. जवळपास सगळे .३२ वॅडकटर (सपाट टोकाची गोळी) वापरतात, कारण धक्का कमी आणि कागदावर भोक स्वच्छ. पार्दिनी, वॉल्थर, हॅमर्ली यांच्या या पिस्तुलांना लहान-मध्यम-मोठी अशी कोरीव लाकडी मूठ मिळते आणि ट्रिगरही पुढेमागे सरकतो. लहान मूठ घेऊन वुड फिलरने भर घालणं सोपं. मोठी मूठ कोरून लहान करायला गेलात तर लाकूड आतल्या स्क्रूच्या भोकापर्यंत पोचतं. भर घातल्यावर १२० नंबरच्या सँडपेपरने आकार द्या, २४० ने हात फिरवा, आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. तेलाविना ठेवलेली अक्रोडाची मूठ पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीनंतर पुन्हा सैल होते, इगतपुरीकडे तर जास्तच. मूठ पक्की करायचं काम म्हणून आषाढ-श्रावणात काढू नका. हे सगळं फक्त मुठीपुरतं. फ्रेम, ट्रिगर, नळी यांना हात लावायचा तो परवानाधारक दुरुस्तीकारानेच, लेथवाल्या मित्राने नाही. शस्त्र कायद्यात विनापरवाना दुरुस्तीही गुन्हा आहे.

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं बधिर होतात, तेव्हा माप घेऊ नका आणि मूठही पसंत करू नका. गार बोटाला ट्रिगर कुठल्या जागी लागतोय हे नीट कळत नाही.

घरी पारखायचं तर हत्यार रिकामं करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, समोर पक्की भिंत घ्या. डोळे मिटून हात नेमाच्या उंचीला आणा आणि उघडा. साइट सरळ दिसल्या तर मूठ तुमची. उजव्या हाताच्या माणसाची नळी दर वेळी उजवीकडे वळलेली दिसत असेल तर पंजा मुठीभोवती फिरतोय. कोरडा ट्रिगर (गोळी न सोडता) ओढायचा असेल तर डमी काडतूस घाला, .२२ मध्ये तर त्याशिवाय ओढूच नका.

रेंजवर पन्नास गोळ्या झाल्यावर हाताकडे बघा. बेचक्यात लाली असेल तर पकड बरोबर. अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर लाली किंवा दुखरेपणा असेल तर ट्रिगरचं अंतर जास्त आहे, मुठीची पाठ पातळ करा किंवा आखूड ट्रिगर बसवून घ्या. मधल्या बोटाच्या वरच्या बाजूला, ट्रिगर गार्ड टेकतो तिथे, मार बसला असेल तर रिव्हॉल्व्हरच्या गार्डमागची पोकळी भरणारा तुकडा मिळतो तो लावा. करंगळी मुठीखाली लटकत असेल तर पुढच्या वेळी लांब मूठ बघा. आणि तळहाताच्या मधोमध फोड आला असेल तर मूठ हातात सरकतेय: घेर मोठा आहे किंवा पोत गुळगुळीत आहे. आधी पट्टी बदलून बघा, कारण ती स्वस्त.